रेपिनच्या मागे मागे, टॉल्स्टॉयकडे

गुरुवार, मॉस्को

दादाची अट एकच होती, दिवसाला एकच म्युझियम. आयुष्यभर साताऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. त्याचं म्हणणं, दुसऱ्या म्युझियममध्ये माणूस चित्रं बघत नाही, बाकडी शोधतो. मलाही ते पटलं, कारण आमची यादी तशी छोटी होती. इल्या रेपिन या चित्रकारानं आपल्या थोरल्या मित्राची, लिओ टॉल्स्टॉयची, तीस वर्षं जी चित्रं काढली, त्यातली जमतील तेवढी जागेवर जाऊन बघायची. मॉस्को, टॉल्स्टॉयचं गाव यास्नाया पोल्याना, पीटर्सबर्ग आणि शेवटी रेपिनचं स्वतःचं घर. त्यात क्रेमलिन बसलं तर बसलं.

कुणी जाणार असेल तर एक सांगून ठेवते. आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत. रोख डॉलर न्यायचे आणि बँकेत रुबल करून घ्यायचे. ई-व्हिसा मात्र घरबसल्या मिळतो.

त्रेत्याकोव गॅलरी लाव्रुशिन्स्की गल्लीत आहे. पाव्हेल त्रेत्याकोव हा कापडाच्या धंद्यातला व्यापारी. त्यानं जन्मभर रशियन चित्रं विकत घेतली आणि १८९२ मध्ये सगळा संग्रह मॉस्को शहराला देऊन टाकला. रशियातल्या मोठ्या लेखकांचे आणि संगीतकारांचे चेहरे आपल्या भिंतीवर असावेत असा त्याचा ध्यास होता, आणि टॉल्स्टॉय काही केल्या बसायला तयार होत नव्हता. चार वर्षं मनधरणी चालली. शेवटी १८७३ च्या उन्हाळ्यात क्राम्स्कोय या चित्रकारानं टॉल्स्टॉयच्या गावाजवळच घर भाड्यानं घेतलं आणि थेट जाऊन गळ घातली. त्याचा मुद्दा बिनतोड होता. तुमचं चित्र आज ना उद्या कुणीतरी काढणारच, आणि तेव्हा सगळे हळहळतील की वेळेवर का नाही काढलं. टॉल्स्टॉयनं मान डोलावली. एक चित्र गॅलरीला, एक घरच्यांना, असा सौदा ठरला. तेव्हा तो ‘अ‍ॅना कॅरेनिना’ लिहीत होता. त्या कादंबरीत मिखाइलोव नावाचा जो चित्रकार येतो, त्याच्यात क्राम्स्कोयचा अंश आहे. म्हणजे दोघं एकमेकांना टिपत बसले होते!

क्राम्स्कोयचं ते चित्र आधी बघितलं हे बरं झालं. निळसर सदरा, मांडीवर हात आणि रोखून बघणारे डोळे. त्या डोळ्यांपुढे फार वेळ उभं राहवत नाही. पंचेचाळिशीचा, तब्येतीनं दणकट, आणि समोरच्या माणसाचा हिशोब करणारा टॉल्स्टॉय.

मग रेपिनचं दालन. १८८७ चं खुर्चीतलं प्रसिद्ध चित्र इथेच आहे. काळा सदरा, पांढरी होत चाललेली दाढी, हातात पुस्तक, मागे नुसतं करडं. आपल्याकडे टॉल्स्टॉयच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर हाच चेहरा फिरून फिरून येतो, त्यामुळे ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं आणि तिथेच माझी थोडी निराशा झाली. हे चित्र फार नीटनेटकं आहे. महापुरुष बसले आहेत, महापुरुष विचार करताहेत.

“अगं, तीन दिवसांत काढलंय हे,” दादा म्हणाला. “तेरा ते पंधरा ऑगस्ट. हात बघ.”

हात खरंच बघण्यासारखे आहेत. जाड बोटं, फुगलेल्या शिरा, शेतकऱ्याचे म्हणावेत असे. चेहऱ्यावर जो विचार रंगवलाय त्याच्याशी हातांचं काही देणंघेणं नाही.

मी ज्याच्यासाठी आले होते ते चित्र याच्यापासून फार लांब नव्हतं, पण त्याच्यासमोर गर्दी नव्हती. वहीच्या उघड्या पानांएवढं, पुठ्ठ्यावर काढलेलं. पुढे पांढरा घोडा, नांगर, नांगरामागे टोपी घातलेला म्हातारा, त्याच्यामागे दुसरा घोडा आणि ढेकळं फोडायचं दाताळं. बाकी सगळी काळी जमीन. टॉल्स्टॉयचा चेहरा नखाएवढा असेल. नाक, डोळे, भुवया असं वेगळं काही दिसत नाही. तरी शंभर पावलांवरून ओळखू येईल की हा कोण, कारण रेपिननं त्याची चाल पकडली आहे. अंगाचा भार रुमण्यावर, एक पाय तासात, खांदे पुढे.

ही गोष्ट त्याच ऑगस्टमधली. गावातल्या एका विधवेचं शेत नांगरायचं होतं आणि टॉल्स्टॉयनं ते अंगावर घेतलं होतं. रेपिननं आठवणींत लिहून ठेवलंय की उन्हात सहा तास हा माणूस न थांबता नांगरत होता आणि आपण चित्रवही घेऊन शेतात उभे होतो. दोन्ही घोडे आणि टॉल्स्टॉय अशी वरात समोरून जायची तेवढ्या क्षणात जे हाताला लागेल ते कागदावर घ्यायचं, मग पुढच्या फेरीची वाट बघायची. रेपिननं स्वतः रुमणं धरूनही पाहिलं, पण ते काही जमेना.

“नांगर धरणाऱ्याचं वजन टाचेवर येतं, आपल्या अप्पांचं यायचं तसं,” दादा म्हणाला. “हे बसून काढता येत नाही. शेतात उभं राहावं लागतं.” मग तो बराच वेळ काही बोलला नाही. रखवालदार बाईंनी दोनदा त्याला मागे सरकायची खूण केली.

तिसरं चित्र १८९१ चं, जंगलात झाडाखाली आडवं पडून वाचणारा टॉल्स्टॉय. पांढरे कपडे, त्यांवर पानांतून गळलेले उन्हाचे ठिपके आणि सावलीतलं तोंड. या माणसाला आपलं चित्र निघतंय याची फिकीरच नाही. मला ते आवडलं, पण नांगराची सर त्याला नाही.

जाता जाता रेपिनच्या ‘इव्हान द टेरिबल आणि त्याचा मुलगा’ या चित्राची गोष्ट. मुलाच्या डोक्यात राजदंड घालून झाल्यावर त्याला कवटाळून बसलेला बाप. १८८५ मध्ये झारनं ते प्रदर्शनातून काढायला लावलं, तर टॉल्स्टॉयनं रेपिनला पत्र लिहून त्याची स्तुती केली. मरणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यासाठी रेपिनपुढे बसला होता दुसरा एक लेखक मित्र, व्सेव्होलोद गार्शिन. १९१३ मध्ये एकानं या चित्रावर सुरी चालवली, २०१८ मध्ये दुसऱ्यानं लोखंडी खांब हाणला. चित्राच्या नशिबी एवढी मारहाण क्वचितच येत असेल.

शुक्रवार, मॉस्को

खामोव्हनिकी भागातलं टॉल्स्टॉयचं घर. पार्क कुल्तुरी मेट्रोपासून चालत जाता येतं. टॉल्स्टॉयनं हे लाकडी घर १८८२ मध्ये घेतलं आणि १९०१ पर्यंतचे हिवाळे कुटुंबानं इथे काढले. रेपिनची बोच अशी की तो त्याच १८८२ मध्ये मॉस्को सोडून पीटर्सबर्गला राहायला गेला.

दोघांची पहिली भेट १८८० ची. रेपिन तेव्हा मॉस्कोत बोल्शोय त्रुबनी गल्लीत राहायचा. एका संध्याकाळी टॉल्स्टॉय न कळवता त्याच्या चित्रशाळेत येऊन उभा राहिला. रेपिन छत्तीसचा, टॉल्स्टॉय बावन्नचा. मग ते रात्री मॉस्कोच्या रस्त्यांवरून लांब लांब फिरायला लागले. टॉल्स्टॉय बोलायचा, रेपिन ऐकायचा. रेपिननं मोकळेपणानं लिहिलंय की समोर असताना या माणसाचं सगळं पटायचं, जणू भूल पडायची, आणि घरी येऊन विचार केला की शंका सुरू व्हायच्या. ही मैत्री बरोबरीची नव्हती हे त्याला पहिल्यापासून कळलेलं दिसतं.

घरात वीज घेतलेली नाही, आजही. जिन्यात भुसा भरलेलं अस्वल हातात तबक घेऊन उभं आहे, भेटायला येणाऱ्यांनी त्यात आपलं कार्ड टाकायचं. जेवणाच्या टेबलावर ताटं मांडलेली. एका खोलीत सायकल आहे, जी हा गृहस्थ सदुसष्टाव्या वर्षी शिकला. शेजारी चांभारकामाची हत्यारं आणि त्यानं स्वतः शिवलेले बूट.

अभ्यासिका लहान आहे. हिरव्या कापडाचं मोठं टेबल, त्याला तीन बाजूंनी बुटकं लाकडी कुंपण. खुर्ची मात्र मुलांची वाटावी इतकी खाली. टॉल्स्टॉयला लांबचं नीट दिसत नसे आणि चष्मा लावायचा नसे, म्हणून त्यानं खुर्चीचे पाय कापून घेतले. कागद डोळ्यांजवळ येण्याऐवजी डोळेच कागदाजवळ आले. दादा वाकून वाकून ते पाय बघत होता.

हेच टेबल काल गॅलरीत बघितलं होतं, निकोलाय गे याच्या १८८४ च्या चित्रात. गे हाही मित्रच, आणि मतांनी टॉल्स्टॉयच्या रेपिनपेक्षा कितीतरी जवळचा. त्यानं टॉल्स्टॉयला बसवलंच नाही. तो लिहीत होता आणि गे काढत होता. चित्रात डोळे दिसतच नाहीत, खाली झुकलेलं मोठं कपाळ, कागद आणि लेखणी धरलेला हात. माझं मत सांगू? लेखकाचं लिहितानाचं चित्र म्हणून गेच्या जवळपास कुणी फिरकत नाही, रेपिनही नाही. दादाला हे मान्य नाही. तो म्हणाला, “डोळे न दाखवता पोर्ट्रेट केलं तर अर्धं काम वाचतं.” यावर आम्ही संध्याकाळपर्यंत भांडलो.

शनिवार, यास्नाया पोल्याना

कुर्स्की स्टेशनवरून तुला शहरापर्यंत गाडी, तिथून मिनीबस. मॉस्कोपासून एकूण दोनशे किलोमीटर. तुला हे सामोवार (चहाचं पाणी उकळायचं भांडं) आणि मधाच्या ‘प्र्यानिक’चं गाव. प्र्यानिक म्हणजे लाकडी साच्यात दाबून काढलेला, वर नक्षी उमटलेला जाड गोड पाव. आत जॅम. दोन घेतले. एक तिथेच संपला.

फाटकाशी दोन गोल पांढरे बुरूज, डावीकडे तळं आणि समोर चढत जाणारी बर्चची दुतर्फा झाडी. तिला इथे ‘प्रेश्पेक्त’ म्हणतात. सप्टेंबरअखेर, पानं पिवळी पडायला लागलेली. लग्नाचे जथ्थेच्या जथ्थे फोटो काढायला आले होते. नवऱ्यामुलींचे पांढरे घोळ चिखलातून उचलत करवल्या पळत होत्या.

टॉल्स्टॉय ज्या मोठ्या वाड्यात जन्मला तो आता नाही. तरुणपणी जुगारात झालेलं कर्ज फेडायला त्यानं तो विकला आणि घेणाऱ्यानं तो उकलून नेला. राहिली ती बाजूची छोटी इमारत, तीच पुढे वाढवत नेलेली. ज्या कातडी कोचावर जन्मला तो कोच मात्र आहे. पायांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आम्ही गटानं आत शिरलो. गाइड बाई रशियन बोलत होत्या, आमच्या हातात इंग्रजीतला छापील कागद होता.

दिवाणखान्यात लांब टेबल, दोन पियानो आणि भिंतीवर चित्रं. क्राम्स्कोयचं ते दुसरं, घरच्यांसाठी काढलेलं चित्र. आणि रेपिनचं, १८८७ मधलं पहिलं. म्हणजे असं की त्या आठवड्यात रेपिननं आधी एक चित्र केलं, ते त्याच्या मनास आलं नाही, ते त्यानं टॉल्स्टॉयच्या बायकोला, काउंटेस सोफियाला, देऊन टाकलं आणि मग खुर्चीतलं दुसरं काढलं. दुसरं त्रेत्याकोवनं विकत घेतलं, पहिलं इथे राहिलं. घराला नापसंत चित्र मिळालं असं मला वाटत नाही. इथला टॉल्स्टॉय जरा थकलेला, जरा कंटाळलेला दिसतो. दिवाणखान्यात रोज येता-जाता बघायला हाच बरा.

ग्रंथालयात बावीस हजारांच्या आसपास पुस्तकं आणि मासिकं आहेत. गांधीजींशी त्याचा पत्रव्यवहार १९०९-१० मध्ये झाला. गांधीजींनी लंडनहून आपलं, दुसऱ्यानं लिहिलेलं छोटं इंग्रजी चरित्र त्याला पाठवलं होतं, आणि पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या आश्रमाला नावच ‘टॉल्स्टॉय फार्म’ दिलं. आमच्या कागदावर हे एका ओळीत होतं. दादानं गाइड बाईंना छातीवर हात ठेवून “इंडिया, गांधी” सांगितलं. बाई हसल्या आणि सगळ्या गटाला रशियनमध्ये काहीतरी सांगितलं. मग पुढच्या दोन खोल्या आम्हाला सगळे वाट करून देत होते.

खाली कमानी छताची खोली आहे. जाड भिंती, बुटकं छत आणि छतात लोखंडी कड्या. पूर्वी ही कोठीची खोली, कड्यांना मांस टांगायचे. घरातला कलकलाट इथे पोचत नाही म्हणून टॉल्स्टॉयनं तिची अभ्यासिका केली. १८९१ च्या उन्हाळ्यात रेपिन इथे दोन-अडीच आठवडे राहिला. त्यानं काढलेल्या चित्रात टॉल्स्टॉय या खोलीत लिहिताना दिसतो, भिंतीला विळा आणि करवत लावलेली. त्याच वेळी गिन्झबुर्ग नावाचा तरुण शिल्पकारही आला होता. टॉल्स्टॉय बिचारा लिहायला बसायचा तर एकाच्या हातात ब्रश आणि दुसऱ्याच्या हातात माती. आणि रेपिनलाही मोह आवरेना, त्यानंही मातीचा अर्धपुतळा केला. टॉल्स्टॉयनं हे कसं सोसलं असेल कोण जाणे. जो माणूस चार वर्षं त्रेत्याकोवला दाद देत नव्हता, त्यानं मित्राला मात्र खोलीत येऊ दिलं. माझ्या लेखी मैत्रीचा पुरावा हाच. चित्र कसं झालं हा पुढचा प्रश्न.

ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन फौज इथे शिरली आणि दीड महिना ठाण मांडून बसली. त्याआधीच बहुतेक वस्तू गाडीनं पूर्वेला, पुढे सैबेरियातल्या तोम्स्कपर्यंत हलवल्या होत्या. जाताना जर्मनांनी घराला आग लावली, ती गावातल्या लोकांनी आणि कर्मचाऱ्यांनी विझवली. टॉल्स्टॉयच्या समाधीशेजारी त्यांनी आपले सैनिकही पुरले होते, ते नंतर हलवले.

समाधी रानात, ओढ्याच्या काठावर. ना दगड, ना क्रूस, ना नाव. लांबट मातीचा उंचवटा आणि वर गवत. लहानपणी थोरल्या भावानं सांगितलं होतं की सगळ्या माणसांना सुखी करण्याचं गुपित लिहिलेली हिरवी काठी इथे पुरली आहे, म्हणून टॉल्स्टॉयनं इथली जागा मागितली होती. तिथे बोलू नये अशी पाटी आहे. शाळेची सहल आली होती, पोरं गप्प होती, पण त्यांचे मोबाइल गप्प नव्हते.

परतताना, टॉल्स्टॉयनं नांगरलेलं ते शेत कुठलं असेल हे मी विचारायचा प्रयत्न केला. बाईंनी गावाकडे हात केला. तिकडे आता घरं आहेत, पत्र्याची कुंपणं आहेत, एकाच्या अंगणात भोपळे होते.

रविवार, गाडीत

‘साप्सान’ ही वेगवान गाडी मॉस्को ते पीटर्सबर्ग साडेसहाशे किलोमीटर चार तासांत नेते. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. बाहेर बर्च, पाइन, बर्च. दादा झोपला. मी घरून आणलेला शेवटचा मेथीचा ठेपला खाल्ला.

सोमवार, पीटर्सबर्ग

रशियन म्युझियम मंगळवारी बंद असतं, हे लक्षात ठेवून वार जुळवावेत. इमारत म्हणजे मिखाइलोव्स्की राजवाडा. १८९८ मध्ये इथे म्युझियम उघडलं तेव्हा त्याचं नाव तिसऱ्या अलेक्झांडरच्या नावावर होतं.

रेपिनची मोठी चित्रं इथे आहेत. ‘व्होल्गावरचे नावाडी’मधली ती अकरा माणसं छातीला पट्टा लावून बोट ओढताहेत. ‘झापोरोझ्ये कझाक’ (कोसॅक लढवय्ये) तुर्की सुलतानाला शिव्यांचं पत्र लिहिताहेत आणि पोट धरून हसताहेत. पहिल्या भेटीत टॉल्स्टॉयनं याच चित्राची कच्ची रेखाटनं बघितली होती आणि त्यात खोल काही नाही असं सुचवलं होतं. रेपिन खट्टू झाला. पण चित्र त्यानं सोडलं नाही, १८९१ मध्ये पुरं केलं. आज या हसणाऱ्या कझाकांसमोर उभं राहिलं की वाटतं, बरं झालं सगळं मनावर घेतलं नाही.

टॉल्स्टॉयनं पुढे कलेविषयी एक आख्खं पुस्तक लिहिलं, त्यात भल्याभल्यांची धुळधाण केली. साने गुरुजींनी ते ‘कला म्हणजे काय?’ म्हणून मराठीत आणलं. दादानं ते कॉलेजात वाचलं आणि वाचून सहा महिने त्याला निसर्गचित्र काढायची शरम वाटत होती, असं त्यानं इथे कझाकांसमोर सांगितलं. मला हे पन्नास वर्षांत माहीत नव्हतं.

शेवटी ‘टॉल्स्टॉय अनवाणी’. उंची दोन मीटरहून थोडी जास्त आणि रुंदी पाऊण मीटरही नाही. दाराच्या चौकटीत कुणी उभं राहावं तसं चित्र आहे. पांढरा लांब सदरा, हात पट्ट्यात खोचलेले, मागे हिरवं रान. आणि गवतात दोन उघडी पावलं. सुरुवात १८९१ च्या मुक्कामात झाली, संपलं १९०१ मध्ये. दादा खाली बसला, अगदी मांडी घालून, पावलांच्या पातळीला.

“ये इकडे, बस,” तो म्हणाला. “सदरा बघ, झरझर केलाय, दहा मिनिटांचं काम. पावलांवर मात्र रंग चार-पाच वेळा चढवलाय. अंगठा बघ. हा माणूस रोज अनवाणी चालणारा नाही. टाचेची कातडी मऊ आहे. रेपिननं ते लपवलं नाही.”

मी नीट बघितलं. खरंच, पावलं मऊ आहेत, गुलाबीसर, गवतावर जरा जपून ठेवलेली. म्हणजे शेतकऱ्यासारखं राहू बघणारा जहागीरदार, काउंट. हे मित्रालाच दिसावं आणि मित्रानंच काढावं. टॉल्स्टॉयला चित्र रुचलं नाही. मला नवल वाटलं नाही.

पण लोकांना रुचलं. फेब्रुवारी १९०१ मध्ये रशियन चर्चनं टॉल्स्टॉयला बहिष्कृत केलं. त्याच सुमारास पीटर्सबर्गच्या फिरत्या प्रदर्शनात रेपिनचं हे चित्र लागलेलं होतं. मार्चअखेरीला लोक जमले, भाषणं झाली, चित्राच्या चौकटीला फुलं खोवली गेली. प्रेक्षकांनी टॉल्स्टॉयला तार पाठवली, तिच्यावर ३९८ सह्या होत्या. मग अधिकाऱ्यांनी चित्र उतरवलं आणि प्रदर्शन मॉस्कोला गेलं तेव्हा ते सोबत नव्हतंच. चर्चनं बाहेर काढलेल्या माणसाला लोकांनी चित्रात हार घातले आणि ते चित्र कुणाच्या मालकीचं? झारच्या बापाच्या नावच्या म्युझियमनं ते आधीच विकत घेतलेलं!

इथे दादा जिंकला. चार दिवस मी नांगराचं चित्र धरून बसले होते. नांगराचं अजूनही मला जास्त आवडतं, पण त्यात रेपिन भक्तासारखा बघतोय. अनवाणी टॉल्स्टॉयकडे बघताना त्याचे डोळे उघडे आहेत.

मंगळवार, पीटर्सबर्ग

दिवसभर पाऊस. बकव्हीटची लापशी बघून दादानं हात जोडले. एका भारतीय हॉटेलात डाळ-भात मिळाला, डाळ गोड होती. नंतर ‘व्हाइट नाइट्स’ जलरंगांची खरेदी. हे रंग इथेच बनतात आणि आपल्याकडे दुप्पट भावानं मिळतात. दादानं हाफ पॅन, म्हणजे रंगाच्या छोट्या वड्या, एकेक उघडून, नखानं टोकरून, सुटे निवडले. दुकानदार मुलगी आधी वैतागली, मग स्वतःच आतून नवे डबे आणायला लागली. ओकर (मातकट पिवळा) तीन घेतले, काळा एकही नाही.

बुधवार, रेपिनो

पीटर्सबर्गच्या फिनलंड स्टेशनवरून लोकल, पाऊण तास. गावाचं नाव आता रेपिनो, पूर्वी कुओक्काला. रेपिनच्या घराचं नाव ‘पेनाती’. जागा त्यानं १८९९ मध्ये त्याची दुसरी सोबतीण नतालिया नॉर्दमान हिच्या नावे घेतली. १९१७ च्या क्रांतीनंतर फिनलंड वेगळा झाला, सरहद्द मधे आली आणि पीटर्सबर्गपासून चाळीसेक किलोमीटरवर बसलेला रेपिन आहे त्या जागी परदेशात गेला. तो परत आला नाही. १९३० मध्ये इथेच वारला, बागेतच पुरला आहे. १९४४ मध्ये युद्धात घर जळलं, ते पुन्हा जसंच्या तसं उभारून १९६२ मध्ये म्युझियम सुरू झालं. टोकदार काचेची छपरं असलेलं हे घर लांबून रोपवाटिकेसारखं दिसतं.

बुधवार मुद्दाम निवडला होता. रेपिनकडे पाहुण्यांचा वार बुधवारचा. दारात नॉर्दमानच्या सूचना: कोट स्वतः काढा, स्वतः टांगा, घंटा स्वतः वाजवा. नोकरांना राबवायचं नाही हा तिचा नेम. जेवणाचं टेबल गोल, मधला भाग फिरता. हवं ते फिरवून घ्यायचं, शेजाऱ्याला वाढायचं नाही, उष्टी ताटं टेबलाखालच्या खणात ठेवायची. नियम मोडला की कोपऱ्यातल्या व्यासपीठावर चढून भाषण करायचं. आणि जेवण निव्वळ शाकाहारी, त्यात वाळलेल्या गवताचं सार. टॉल्स्टॉयही तोवर मांस सोडून बसला होता. दादा म्हणाला, “तरीच टॉल्स्टॉय इकडे जेवायला आला नसेल.”

१९०७ च्या सप्टेंबरात रेपिन नॉर्दमानला घेऊन यास्नाया पोल्यानाला गेला आणि टॉल्स्टॉय व सोफिया यांचं जोडचित्र सुरू केलं. ते पुरं करायला त्याला टॉल्स्टॉयच्या मृत्यूनंतरचं वर्ष उजाडलं. नवरा-बायकोचं तेव्हा पटत नव्हतं हे जगजाहीर होतं. १९१० मध्ये टॉल्स्टॉय भल्या पहाटे घर सोडून गेला आणि अस्तापोवो स्टेशनवर वारला. अशा जोडप्याला एका चौकटीत बसवायचं म्हणजे मित्राची परीक्षाच.

वरच्या चित्रशाळेत काचेतून उत्तरेचा सपाट प्रकाश येतो. रेपिनचा उजवा हात कामानं निकामी झाला, तर तो डाव्यानं काढायला शिकला. रंगपाटी हातात धरवेना, म्हणून तिला पट्टे लावून कमरेला अडकवायची सोय केली. तिच्यापुढे दादा उभा राहिला आणि स्वतःचा उजवा खांदा चोळत राहिला. गेल्या वर्षीपासून त्याचा खांदा धरतो.

“मित्र नव्हतेच रे ते,” मी म्हटलं. “एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं.”

“तू पण माझ्याशी तेच करतेस,” तो म्हणाला, आणि रखवालदार बाईंना खुणेनं विचारलं की पट्टे कसे बांधायचे ते दाखवाल का. त्यांनी नाही म्हटलं, मग इकडेतिकडे बघून स्वतःच्या कमरेवर हातानं आडवे-तिरपे पट्टे काढून दाखवले. दादानं ते तिकिटाच्या मागे काढून घेतलं. साताऱ्याला पोचला की चांभाराकडून तसे करून घेणार आहे म्हणे.

परतीची लोकल सव्वापाचची. स्टेशनबाहेर कोबीच्या पिरोश्की (सारण भरलेले छोटे पाव) गरम मिळाल्या, एकेक खाल्ली, आणखी दोन बांधून घेतल्या.